दीड वर्षाची मुलगी जेवायच्या वेळेला पेंगते आणि झोपेतून भुकेने उठते. जेवण आणि झोपेच्या वेळा कशा बसवाव्यात?

तुम्ही लिहिलंय की दुपारी एकला जेवायला बसवलं की तिसऱ्या घासालाच ती डोळे चोळायला लागते, तशीच झोपते, पाऊण तासात रडत उठते आणि रात्री मात्र साडेदहा-अकरापर्यंत टक्क जागी. वर्षभरापूर्वी आमच्याकडे अगदी हेच चाललं होतं, म्हणून लिहितोय. मी डॉक्टर नाही, भोसरीला कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. बायको सकाळी साडेआठला बँकेत निघते. माझी दुसरी पाळी असेल त्या आठवड्यात दुपारपर्यंत पोरगी माझ्याकडे, एरवी माझ्या आईकडे.

वेळापत्रक नंतर. आधी दुधाचा हिशोब बघा.

आमच्याकडे आई कॅलेंडरच्या चौकोनात रोजचं दूध लिहिते. एका महिनाअखेरीला दूधवाल्याचे पैसे काढताना लक्षात आलं, दीड लिटरचं दोन लिटर झालंय. पाहुणे नव्हते, चहा वाढला नव्हता. मग जाणार कुठे? उठल्या उठल्या एक बाटली बायको द्यायची. अकराला ‘नाश्ता नीट झाला नाही’ म्हणून एक मी. दुपारी ‘जेवली नाही बिचारी’ म्हणून आई, आणि रात्री झोपवताना परत एक. प्रत्येकाला आपापली एकच बाटली दिसत होती. बेरीज केली तर रोज ८००-९०० मिली भरलं. एवढंसं पोट, त्यात जेवायला जागा राहणार कुठून!

त्याच सुमारास ती फिकट दिसायला लागली म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ९.८. गाईच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर ते जेवणातलं लोहही नीट शोषू देत नाही. त्यांनी लोहाचं औषध दिलं आणि सांगितलं की दिवसाला ४००-५०० मिलीच्या वर दूध नको, तेही पेल्यातून आणि जेवणानंतर. बाटली बंद केली तेव्हा तीन दिवस घरात रडारड झाली. चौथ्या दिवशी तिने आईच्या ताटातली भाकरी स्वतःहून ओढली.

आईची समजूत काढणं मात्र बाटली सोडवण्यापेक्षा अवघड गेलं. ‘सहा महिन्यांपूर्वी चांगली जेवायची, आता दृष्ट लागली’ हेच तिचं पालुपद. खरं कारण साधं आहे. पहिल्या वर्षात मुलाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात मात्र दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेगच उतरला की भूकही उतरणार. तीन चमचे वरणभात, अर्धी पोळी, एवढ्यावर ती खरंच थांबत असेल तर थांबू द्या. काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते आपण ठरवायचं, किती खायचं ते तिने.

आता झोप. या वयाला दिवसाची-रात्रीची मिळून ११ ते १४ तास लागते. १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान कधीतरी सकाळची झोप सुटते आणि दुपारची एकच उरते. तुमची मुलगी नेमकी त्या फेऱ्यात असावी. सकाळी झोपत नाही, पण दुपारी एकपर्यंत तग धरायचं बळही नाही. अशा वेळी झोप पुढे ढकलत बसण्यापेक्षा जेवण अलीकडे ओढा. आम्ही सव्वाअकराला आणलं. सव्वाअकरा ही काय जेवायची वेळ, असं मलाही वाटलं होतं. पण सातला उठलेल्या पोरासाठी ती आपल्या दीडसारखीच असते. बारा-सव्वाबाराला झोप, आणि पोट भरलेलं असल्यामुळे दोन तास सलग. नंतर तग वाढत गेला तसं जेवण दर तीन-चार दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं पुढे नेलं. आता ती अडीच वर्षांची आहे आणि साडेबाराला जेवते.

बाकीचा दिवस असा: सातला उठणं, साडेसातला धिरडं, उपमा किंवा नाचणीची खीर, साडेनऊला केळं किंवा चिकू. दुपारी उठल्यावर तीनच्या आसपास थालीपीठाचा तुकडा नाहीतर दही-पोहे. मधल्या वेळात पाण्याशिवाय काही नाही. ग्लुकोजचं बिस्कीटसुद्धा नाही, आणि चहात बुडवून तर नाहीच. भांडण जेवणावरून नसतंच मुळी, ते या मधल्या बिस्किटावरून असतं. दिवेलागणीला, शुभंकरोति झालं की सात वाजता तिचं जेवण. आपल्यासोबत नऊला जेवेल म्हणून थांबवू नका, नऊला ती जेवत नाही, नुसती चिडते. जेवणानंतर पेलाभर दूध, दात पुसून साडेआठला अंथरुणात. आणि दुपारची झोप कितीही उशिरा लागली तरी साडेतीनच्या पुढे जाऊ देऊ नका. संध्याकाळी पाचला गाडीत लागलेली वीस मिनिटांची डुलकी रात्रीचे दोन तास खाते, हे आम्ही लग्नसराईत दर वेळी नव्याने शिकतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. पेंगत असताना भरवू नका. एकदा ती माझ्या मांडीवरच झोपली, मी आडवं केलं, आणि गाल फुगलेला दिसला म्हणून बोट घालून बघितलं तर वरणभाताचा अख्खा घास आत तसाच. माझे हातपाय गार पडले. श्वासनळीत गेला असता तर? त्या दिवसापासून डोळे चोळले की ताट बाजूला. मोबाईल दाखवून भरवणंही तेव्हाच सोडलं, कारण त्यातही तोंडात काय चाललंय याकडे पोराचं लक्ष नसतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं तर या वयाला नकोतच.

पाऊण तासात उठण्याचं दुसरं कारण आम्हाला फार उशिरा सापडलं. घर दोन खोल्यांचं. ती झोपली की आई निवांतपणे मोठ्यांचा कुकर लावायची, आणि तिसऱ्या शिट्टीला पोरगी उभी. आता कुकर दहालाच उतरतो. भंगारवाल्याच्या भोंग्याचं काही करता येत नाही, पण पंखा मोठा ठेवला तर त्यातूनही कधी कधी झोपते.

वजन दोन-तीन महिने हललंच नसेल, किंवा झोपेत तोंड उघडं ठेवून घोरत असेल, तर वेळा बदलत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तसं काही नसेल तर या आठवड्यात एवढंच करा: फ्रिजवर कागद चिकटवा, आणि जो कोणी दूध देईल त्याने वेळ आणि मिली लिहायचं. आजीनेसुद्धा. रविवारी बेरीज करून इथे सांगा.