लिंबाच्या बिया लवकर रुजण्यासाठी पेरण्याआधी काय करावं?

तुम्ही लिहिलंय की कागदी लिंबाच्या बिया दोन दिवस उन्हात वाळवून कुंडीत टाकल्या, महिना उलटला तरी एकही कोंब नाही. व्हिडिओत मात्र आठवड्यात मोड आलेले दिसतात. व्हिडिओ खोटे नाहीत. घोटाळा वाळवण्यात झालाय.

भेंडी, मिरची, वांगी यांचं बी खडखडीत वाळवलं की टिकतं. लिंबूवर्गाचं बी उलट वागतं. त्यातला ओलावा गेला की आतला अंकुर मरत जातो, आणि उन्हात हे फार लवकर होतं. तेव्हा त्या कुंडीवर आशा ठेवू नका; आज एक पिवळं लिंबू आणा आणि नव्यानं सुरू करा. हिरवं लिंबू सरबताला चालतं, पण त्यातलं बी बऱ्याचदा कोवळं असतं. साल पिवळी, पातळ आणि फळ हाताला जड लागेल असं घ्या. चिरताना सुरी अर्ध्यावर थांबवून फळ हातानं पिळून उघडा, नाहीतर निम्म्या बिया कापल्या जातात.

बियांवरचा बुळबुळीत थर आधी काढायचा. तो बुरशीचं खाद्य आहे. चिमूटभर राख किंवा बारीक वाळू घेऊन बिया तळहातावर चोळा आणि गाळणीत धुवा. बी बोटातून निसटेनासं झालं की झालं. मग पेलाभर पाण्यात टाका. तरंगणाऱ्या आणि चपट्या बिया फेकून द्या. उरलेल्या कोमट पाण्यात 8 ते 12 तास, म्हणजे रात्रभर, भिजू द्या. दोन-तीन दिवस भिजवण्यानं काही वाढत नाही; बी गुदमरतं आणि कुजतं.

वेळ खरी वाचते ती पुढच्या कामात. लिंबाच्या बीला दोन आवरणं असतात: बाहेरचं पांढरट, लाकडासारखं टरफल आणि आतलं तपकिरी, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. बाहेरच्या टरफलातून पाणी आणि हवा सावकाश आत जाते आणि मुळालाही ते फोडायला वेळ लागतो, म्हणून अखंड बी तीन-चार आठवडे घेतं, थंडीत त्याहून जास्त. टरफल काढलं की उबदार जागी साधारण 5 ते 10 दिवसांत मूळ दिसतं.

टरफल काढताना बहुतेक जण टोकदार बाजूला नख लावतात. तीच चूक. मुळाचा शेंडा नेमका त्या टोकाच्या आत असतो आणि तो दुखावला की बी संपलं. भिजलेलं बी टिश्यू पेपरवर दहा मिनिटं ठेवा, वरचं पाणी सुकलं की पकड येते. मग बी आडवं धरून बोथट टोकाच्या कडेला नेलकटरनं अगदी जरासं दाबा. पूर्ण कापायचं नाही, ‘कट्’ असा बारीक आवाज आला की थांबायचं. त्या चिरेत नख घालून टरफल टोकाकडे सोला. भुईमुगाची शेंग फोडण्यापेक्षा जरा नाजूक काम, पण चार बिया वाया घालवल्यावर हात बसतो. आतला तपकिरी पापुद्रा ओल्या बोटानं चोळून निघाला तर उत्तम. चिकटून बसला असेल तर ओढू नका, तो राहिला तरी मूळ त्यातून येतं.

सोललेल्या बीत कधी एक मोठा आणि एक-दोन बारके तुकडे एकमेकांना चिकटलेले दिसतील. बी फुटलं असं समजून वेगळे करू नका. कागदी लिंबाच्या एका बीत अनेक अंकुर असतात आणि त्यातले बहुतेक आईच्याच पेशींपासून तयार झालेले, म्हणजे झाड जवळपास त्याच गुणाचं येतं. संत्री आणि मोसंबीचंही तसंच आहे. पपनसाच्या बीत मात्र एकच अंकुर असतो, तोही परागीभवनातून आलेला, त्यामुळे त्याची फळं आईसारखीच निघतील याची खात्री नाही. सोलताना संत्र्याच्या बीचा गर पिस्त्यासारखा हिरवा निघाला तर घाबरू नका, तो तसाच असतो.

आता ऊब. टिश्यू पेपर भिजवून असा पिळा की उलटा धरल्यावर थेंब पडणार नाही. त्यावर बिया एकमेकींना न लागता मांडा, वरून दुसरा थर, आणि सगळं झाकणाच्या डब्यात. हवं ते तापमान 25 ते 30 अंश. मटकीला मोड आणायला जी जागा वापरता तीच चालेल. डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशिककडे रात्री गारठा असतो तेव्हा डबा वायफायच्या राउटरवर ठेवा. उन्हात मात्र नको, बंद डब्यात बी शिजतं. दोन दिवसांनी एकदा झाकण उघडा. पांढरी लव दिसली तर बी धुवून पेपर बदला. मऊ पडलेलं किंवा आंबूस वास येणारं बी लगेच काढून टाका, ते शेजारच्यांनाही घेऊन जातं.

मूळ 1 ते 2 सेंटिमीटर झालं की लावा. जास्त थांबलात तर ते पेपरात शिरतं. तसं झालंच तर ओढू नका, पेपराच्या तुकड्यासकट लावा. पिशवी किंवा कुंडी खोल हवी, निदान 8 इंच, कारण सोटमूळ सरळ खाली जातं आणि उथळ भांड्यात वळून बसतं. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग बारीक वाळू, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत पुरे. नुसती काळी माती नको, पाणी दिल्यावर वर पापुद्रा धरते आणि कोंब त्याखाली अडतो. मूळ खाली करून बी 1 सेंटिमीटर खोल ठेवा. त्याच्या दोन्ही डाळी मातीतच राहतात, घेवड्या-चवळीसारख्या वर येत नाहीत, म्हणून आठवडाभर काही दिसलं नाही तर उकरून बघू नका.

काही रोपं पांढरीफटक निघतात. त्यांच्यात हरितद्रव्य नसतं, बीतला साठा संपला की ती मरतात. खत घालून उपयोग नाही, उपटून टाका. बुडाशी देठ बारीक होऊन रोप आडवं पडलं तर तो ‘मर’ रोग. कारण जवळपास नेहमी जास्तीचं पाणी. वरचं बोटभर मिश्रण कोरडं लागल्याशिवाय पाणी देऊ नका आणि मिश्रणात आधीच चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) मिसळा.

शे-दोनशे बिया करायच्या असतील तर सोलत बसू नका. विदर्भातल्या संत्र्याच्या रोपवाटिकांत खुंटासाठी, म्हणजे ज्यावर संत्र्याचं कलम बांधायचं त्या रोपासाठी, जंबेरी आणि रंगपूर या लिंबाच्या जाती पेरतात, तिथे धुतलेलं ताजं बी गादीवाफ्यावर पेरून सावलीची जाळी बांधली की काम होतं. जमिनीतली फायटोफ्थोरा बुरशी बीबरोबर येऊ नये म्हणून अखंड बी 52 अंशाच्या पाण्यात 10 मिनिटं बुडवण्याची पद्धत आहे, पण त्याला थर्मामीटर लागतो. अंदाजानं केलं तर बी उकडून निघतं. जिबरेलिक आम्ल या वाढ-संप्रेरकात बी भिजवायलाही कुणी सांगेल. घरच्या दहा बियांसाठी तो खर्च मला पटत नाही, आणि मात्रा चुकली तर रोप लांबट, लेचंपेचं होतं.

लगेच पेरायला जमत नसेल तर धुतलेल्या बिया वरवर पुसून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. काही आठवडे सहज टिकतात.

एक लक्षात असू द्या: सोलण्यानं उगवण लवकर होते, फळं लवकर येत नाहीत. कागदी लिंबाच्या बीपासून केलेल्या रोपाला फळ धरायला चार-पाच वर्षं तरी लागतात. तोवर पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येईल, ती लिंबाच्या फुलपाखराची. रोज सकाळी पानं उलटसुलट करून हातानं वेचा. चार पानांचं रोप ती बघता बघता नुसता दांडा करून ठेवते.