12 लाख मोठे की 11?

ठाणे

अनेक आशीर्वाद.

तुझी दोन्ही ऑफर लेटर कागद-पेन घेऊन वाचली. तुझं मन ऐरोलीच्या कंपनीच्या वर्षाला 12 लाखांवर बसलंय, म्हणून आधी त्यांचाच हिशेब. त्यात 1,20,000 व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग आहे, मिळालं तर मिळालं. बेसिक, म्हणजे मूळ पगार, 6 लाख. त्यावरचा कंपनीच्या वाट्याचा 12 टक्के पीएफ, म्हणजे 72,000, आणि ग्रॅच्युइटीचे 4.81 टक्के, म्हणजे 28,860, हेही त्याच सीटीसीत, म्हणजे कंपनीने तुझ्यावर धरलेल्या वर्षाच्या एकूण खर्चात, धरलेत. कायम नोकरीत ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षं टिकल्यावरच मिळते. उरलेल्यातून तुझा स्वतःचा पीएफ आणि 2,500 व्यवसाय कर गेला की महिन्याला खात्यात 75,000 च्या आसपास येतील. दुसऱ्या, महापेच्या ऑफरच्या 11 लाखांत व्हेरिएबलच नाही, बेसिक साडेपाच लाख. तिथे हाच आकडा 78,000 च्या वर जातो. नव्या करप्रणालीत दोन्हीकडे प्राप्तिकर शून्यच. पीएफ तुझाच पैसा आहे, पण त्यातून घरभाडं भरता येत नाही. महापेला कोपरखैरणे स्टेशनवरून पुढे रिक्षा लागेल, तो खर्चही मांड.

म्हणून एचआरशी बोलताना सीटीसीवर नाही, फिक्स्डवर, म्हणजे नक्की मिळणाऱ्या पगारावर बोल. ‘सध्या किती मिळतात?’ असं विचारलं तर खरं सांग. पगाराच्या स्लिपा आणि पीएफचं पासबुक मागतात, फुगवलेला आकडा तिथे उघडा पडतो आणि हातची ऑफर जाते. पण त्यावर ‘तीस टक्के वाढ द्या’ म्हणू नकोस. तुझा जुना पगार कमी होता, त्यावरची टक्केवारीही कमीच राहणार. ‘या कामाला, या अनुभवाला माझी अपेक्षा इतक्या फिक्स्डची आहे’ असं म्हण आणि गप्प बस. ती शांतता तू भरू नकोस. आकडा मात्र हवेतला नको. गेल्या काही महिन्यांत नोकरी बदललेल्या तुझ्याच बॅचच्या चार-पाच जणांना फिक्स्ड किती मिळालं ते विचार. आपल्याकडे पगार विचारायला लोक लाजतात, आणि त्याचा फायदा कंपन्यांनाच होतो.

ऐरोलीचा जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यायचाय, तोही हिशेबात धरू नकोस.

तुझा नोटीस पिरियड 90 दिवसांचा आहे. तो विकत घेऊन, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे आताच्या कंपनीला भरून, लवकर सुटायचं ठरलं तर ते पैसे महापेवाले भरतील का, हे सोमवारी ईमेलवर विचार. फोनवरचं ‘हो’ धरू नकोस. उत्तर आलं की मला पाठव, मग राजीनाम्याची तारीख ठरवू.

तुझा,
काका