एडी वाचायला बसलास? मग एवढं आधी बघ

भावा, कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर विमान उतरताना बघून विमान देखभालीच्या या कामाचं वेड लागलं म्हणतोस, झकास! पण पहिल्याच दिवशी सगळ्या एडी पाठ करायला बसू नकोस.

आधी एडी, म्हणजे एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह (विमान सुरक्षित राहावं म्हणून काढलेला बंधनकारक आदेश), काढतं कोण ते बघ. ज्या देशाने विमानाचं डिझाइन मंजूर केलं, तिथली विमान सुरक्षा यंत्रणा. बोइंग, सेसना असेल तर अमेरिकेची एफएए. एअरबस, एटीआर असेल तर युरोपची इआसा. ती माहिती विमान नोंदवलेल्या देशांकडे जाते आणि आपल्याकडे पालन करून घेते डीजीसीए, म्हणजे भारताची तशीच यंत्रणा.

नवी पोरं हमखास चुकतात ती इथं:

- सर्व्हिस बुलेटिनला एडी समजणं. बुलेटिन म्हणजे विमान बनवणाऱ्या कंपनीची सूचना, एडीने बोट दाखवलं की मग ते बंधनकारक.
- फक्त मॉडेल बघून मोकळं होणं. सिरियल नंबर बघ. इंजिन, प्रोपेलरच्या एडी वेगळ्या असतात. मी सुरुवातीला प्रोपेलरची एक विसरलो होतो, साहेबांनी चारचौघांत सोलून काढलं.
- मुदत अर्धवट वाचणं. तास, उड्डाणं की महिने? एकदाच, की पुन्हा पुन्हा?
- रद्द झालेली जुनी एडी वापरणं.

नंबरही बोलतो बरं का. बोइंग ७३७ मॅक्सची एडी २०१८-२३-५१ घे: साल, त्या सालातला तेविसावा पंधरवडा, आणि एफएएकडे ५१ पासूनचे आकडे तातडीच्या एडीचे. तातडीची असली की ती थेट विमानमालकांना, विमान चालवणाऱ्या कंपन्यांना धाडतात.

पर्यायी पूर्ततेची मंजुरी (एडीत सांगितल्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने काम करायची परवानगी) वगैरे नंतर. आधी एकाच सेसना १७२ च्या एडींची यादी हाताने काढ आणि मला दाखव.