हवाई दल भंगार झालेल्या जुन्या विमानांवर पैसे घालवण्यापेक्षा सरळ नवीन का घेत नाही?

‘भंगार’ शब्द नसता तर उत्तर लिहायच्या फंदात पडलो नसतो. हवाई दलात वीस वर्षं इलेक्ट्रिकल फिटर होतो, त्यातली निम्मी जग्वार या लढाऊ विमानावर. सार्जंट म्हणून बाहेर पडलो, आता कळव्याला असतो.

हाच शब्द मी २०२५च्या जुलैत ठाण्यात तलावपाळीजवळच्या एका हॉलमध्ये ऐकला. भाचीच्या मुलाचं बारसं होतं. पंगतीला शेजारी साडू. वाशीला राहतात, दर चार वर्षांनी गाडी बदलतात. त्याच आठवड्यात राजस्थानात चुरूजवळ जग्वार पडलं होतं, दोन्ही वैमानिक गेले होते. त्या वर्षातलं तिसरं जग्वार. साडूंनी श्रीखंडाची वाटी पुढे ओढत विचारलं, “काय हो, तुमची ती भंगारं अजून उडवतात?” मी पानावरून उठलो. बायको अजून ऐकवते, बारशाला कोणी भांडतं का!

तेव्हा जे बोलायला सुचलं नाही ते आता लिहितो.

समुद्राजवळच्या एका तळावर होतो. नवी इलेक्ट्रॉनिक्स बसवलेलं एक जग्वार आमच्याकडे आलं. जमिनीवर सगळं ओके, हवेत वळण घेतलं की डिस्प्ले मध्येच काळा. वैमानिक उतरून स्नॅग (म्हणजे बिघाड) वहीत लिहायचा, आम्ही ग्राउंड पॉवर (बाहेरून वीज) लावून बघावं तर डिस्प्ले लख्ख. डिस्प्लेचा इलेक्ट्रॉनिक डबा बदलला, पुन्हा तेच. काढलेला डबा तपासणीला पाठवला, तो ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन परत आला. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, नवा मालच खराब दिसतोय, कंपनीला पत्र टाका.

माझ्या हाताखाली साताऱ्याकडचा एक कॉर्पोरल होता, मनगटं बारीक, कुठेही हात जायचा. त्याला म्हटलं, डब्याचा नाद सोड, तारा बघ. पॅनल उघडलं, पठ्ठ्याने टॉर्च दातात धरला, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा घेतला आणि खांद्यापर्यंत हात आत घालून बसला. पाऊण तासाने नुसतंच “हं” म्हणाला. जुन्या लूमच्या (तारांच्या जुडग्याला आम्ही लूम म्हणायचो) कनेक्टरमधली एक पिन अर्धा मिलिमीटर मागे सरकली होती आणि बुडाशी हिरवी पडली होती. खारी हवा. विमान उभं असताना पिन टेकून राहायची, वळणात जोर आला की सुटायची. पिन बदलली आणि पुढच्या उड्डाणाला स्नॅगची वही कोरी.

अपग्रेड म्हटलं की लोकांना रडार आणि डिस्प्ले दिसतात. त्यांना जोडणाऱ्या तारा, पाइप, सांगाडा जुना तो जुनाच, त्यातलं किती बदलायचं ते पैसे आणि वेळ बघून ठरतं. ते सांभाळायला माणसं लागतात. त्यांना भंगारवाले म्हणू नये एवढीच माझी तक्रार.

आता तुमचा प्रश्न. नवीन का नाही? कारण लढाऊ विमान वाशीच्या शोरूममध्ये उभं नसतं की चेक दिला आणि चावी घेतली. लढाऊ विमानांच्या मंजूर स्क्वाड्रन (तुकड्या) ४२, आणि २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झाल्यावर उरल्या २९. त्या मिग-२१ची जागा घ्यायला आपलं देशी तेजस. तो प्रकल्प १९८३ला मंजूर, पहिलं उड्डाण २००१ला, पहिली स्क्वाड्रन २०१६ला. पुढे २०२१मध्ये ८३ तेजस मार्क-१ए मागवली, तर अमेरिकेतून इंजिनंच वेळेवर येईनात. २०२५मध्ये आणखी ९७ मागवली. तोवर आकाश रिकामं ठेवायचं का? १९६३ला आलेलं मिग-२१ नवं रडार आणि नवी क्षेपणास्त्रं लावून ‘बायसन’ या नावाने इतकी वर्षं ओढलं ते हौसेने नाही. शिव्या द्यायच्या तर त्या ३३ वर्षांना द्या, दुरुस्तीला नको.

अपग्रेड स्वस्त असतं असंही नाही. २०११ला ५१ मिराज या फ्रेंच लढाऊ विमानांच्या अपग्रेडचा करार झाला तो जवळपास ११,००० कोटींचा, म्हणजे विमानामागे दोनशे कोटींच्या वर. तेव्हाही ‘एवढ्यात नवीन आलं असतं’ अशी ओरड झालीच. पण २०१९ला बालाकोटला गेली ती मिराजच. आमच्या जग्वारचं मात्र अर्धवट राहिलं. काहींना एईएसए हे नव्या पिढीचं रडार मिळालं. खरी गरज होती इंजिनाची, कारण त्याचं अडूर इंजिन आपल्या उन्हाळ्यात पूर्ण भार घेऊन चढताना दमतं. नवीन इंजिन बसवायचा बेत कित्येक वर्षं चालला आणि २०१९मध्ये खर्च बघून सोडून दिला. मोतीबिंदू काढला, दमा तसाच. हा निर्णय मला तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही.

एक कबूल करायला हवं. मी फिटर, वैमानिक नाही, आणि २००८लाच बाहेर पडलो. साडूंचं अगदीच चुकलं असंही नाही. आज जगात जग्वार उडवणारे आपण एकटेच, सुटे भाग मिळणं अवघड. फ्रान्सकडून ३१ निवृत्त जग्वारचे सांगाडे आणले ते सुटे भाग काढायलाच. त्याला भंगार म्हटलं तर मी काय बोलणार! पण पंगतीत, दोन पोरं गेलेल्या आठवड्यात, श्रीखंड चाटत म्हणायचं नसतं.

साडू या साइटवर येत नाहीत. त्यांचा मुलगा येतो, माझी उत्तरं वाचतो हेही मला ठाऊक आहे. बाळा, बाबांना दाखव रे. आणि त्यांना सांग, गाडीचा तो दिवा सारखा लागतोय म्हणून पुन्हा शोरूमला नेण्याआधी एकदा कळव्याला घेऊन या. मी कनेक्टर बघतो.