ओरडला नाही म्हणजे तयारी होती का?

प्रश्न: ताई, माझा धाकटा भाऊ कच्चा कैदी आहे. मुलाकातीला गेले तर रडायलाच लागला, बराकीतला एक जुना कैदी रात्री जबरदस्ती करतो म्हणाला. काका म्हणतात जेलमध्ये हे चालतंच, आणि ओरडला का नाही मग, म्हणजे त्याचीही तयारी असणार. भाऊ विचारतोय, मी आता 'तसा' झालो का? काय करू?
- एक बहीण, विदर्भ

उत्तर: आधी भावाला सांग, त्याची काहीही चूक नाही. जबरदस्तीने कोणी गे होत नाही, आणि त्या वेळी शरीराने साथ दिल्यासारखं वाटलं असेल तरी ते शरीराचं आपोआप होणं आहे, होकार नव्हे.

काकांचं बोलणं मात्र फार जुनं आहे गं. १९७२ मध्ये तुमच्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, आणि सुप्रीम कोर्टाने अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही म्हणून दोन पोलिसांना सोडलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा कुठे १९८३ ला कायदा बदलला. आता कोठडीतल्या बाईशी पोलीस किंवा जेल कर्मचाऱ्याने संबंध ठेवल्याचं सिद्ध झालं आणि तिने 'माझी संमती नव्हती' असं कोर्टात सांगितलं की कोर्ट तेच धरून चालतं, आणि जेल अधिकाऱ्याने पदाचा गैरवापर करून तिला 'राजी' केलं तरी तो गुन्हाच.

पुरुषांसाठी हे संरक्षण नाही, याचा मला खरंच संताप येतो. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये प्रौढांचे मर्जीचे संबंध वगळले, तरी जबरदस्तीसाठी ते कलम शिल्लक होतं, पण १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते आलंच नाही, त्यामुळे मारहाण, धमकी असल्या कलमांवर भागवावं लागतं. तरी तक्रार करायचीच. जेलमध्ये दोघांच्या मर्जीनेही संबंध होतात, नाही असं नाही, पण बिडीसाठी, झोपायच्या जागेसाठी किंवा मार चुकवायला दिलेला होकार हा होकार नसतोच.

वकिलाला आजच फोन कर, पुढच्या तारखेला भावाने थेट जजसाहेबांना सांगावं, बराक बदलून आणि मेडिकल करून मागावं. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. आणि शेवटचा प्रकार होऊन ७२ तास झाले नसतील तर तारखेची वाट बघू नका, एचआयव्ही टाळायची औषधं तेवढ्या वेळातच सुरू करावी लागतात, जेलच्या डॉक्टरकडे आजच्या आज लेखी मागणी करा.