वाचक विचारतात: मॉडेल फिट झालं, आता वायवात कोण अडवणार?

प्रश्न: मी इंदूरला समाजशास्त्रात पीएचडी करतेय. भंवरकुआच्या कोचिंगला येणाऱ्या दोनेकशे मुलांकडून फॉर्म भरून घेतले, काही हिंदीत, थोडे मराठीत. घरच्यांचा आधार, अभ्यासाचा ताण आणि आयुष्याबद्दलचं समाधान, प्रत्येकाचे पाच पाच प्रश्न. आधार असला की ताण कमी आणि ताण कमी की समाधान जास्त असं मॉडेल, शिवाय आधाराकडून समाधानाकडे एक सरळ बाण. स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंगच्या एमॉस या सॉफ्टवेअरमधे चालवलं तर आरएमएसईए (मॉडेल डेटाला किती कमी बसतं याचं माप, जितकं लहान तितकं बरं) ०.०९ आला. एका सिनियरने सांगितलं मॉडिफिकेशन इंडायसेस (काय जोडलं तर फिट सुधारेल ते सांगणारे आकडे) बघून प्रश्नांच्या एरर, म्हणजे मॉडेलने न समजावलेला उरलेला भाग, दोन दोन करून जोडत जा, सगळे तेच करतात. सात जोड्या जोडल्या, आता ०.०६ आहे आणि सीएफआय (हेही फिटचंच माप, एकाच्या जितकं जवळ तितकं बरं) ०.९५. म्हणजे माझी थिअरी सिद्ध झाली ना? की वायवात कोणी अडवेल?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, अडवतील आणि अडवलंच पाहिजे. पण त्या सात जोड्यांचं नंतर बघू, आधी तुमच्या बाणांचं बघा, कारण खरी गडबड तिथे आहे आणि सिनियरला ती दिसलेलीच नाही.

पंधरा प्रश्न म्हणजे व्हेरियन्स (प्रत्येक प्रश्नाची उत्तरं किती पसरलीयेत) आणि कोव्हेरियन्स (दोन प्रश्न किती बरोबरीने हलतात) मिळून १२० आकडे. तुमचं पहिलं मॉडेल, जोड्या जोडायच्या आधीचं, ३३ गोष्टींचा अंदाज काढतं, म्हणजे त्यातले ३३ खर्च करतं, उरले ८७, तेच तुमचे डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे मॉडेलला चुकायला उरलेली जागा. आता असं करा, तिन्ही बाण काढून टाका आणि आधार, ताण, समाधान यांना नुसत्या दोन्हीकडे टोक असलेल्या बाणांनी जोडा, म्हणजे साधं सीएफए (कन्फर्मेटरी फॅक्टर ॲनालिसिस, कुठला प्रश्न कुठल्या गठ्ठ्यात एवढंच तपासणारं). परत ३३, परत ८७ आणि काय-स्क्वेअर (मॉडेल आणि डेटा यांतल्या फरकाचा आकडा) दशांशापर्यंत तोच. मग सगळं उलटं करा, समाधानाकडून ताण, ताणाकडून आधार, आणि समाधानाकडून आधाराला सरळ बाण, तरी तेच. खोटं वाटत असेल तर आज रात्री चालवून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. तीन गोष्टींमधे नाती तीनच आणि तुम्ही तिन्ही मॉडेलमधे घातलीयेत, मग बाणांना चुकायला जागाच कुठे उरली? म्हणजे तुमचा आरएमएसईए ०.०९ असो नाहीतर ०.०६, तो एवढंच सांगतोय की पंधरा प्रश्न तीन गठ्ठ्यांत नीट बसतात की नाही. कोणामुळे काय होतं यावर तो चकार शब्द बोलत नाहीये. आधाराकडून समाधानाकडचा सरळ बाण काढून टाकलात तर ८७ चे ८८ होतात आणि निदान एक गोष्ट तपासली जाते, की आधाराचा सगळा परिणाम ताणातूनच जातो का. पण तिथेही उलटी साखळी अगदी तेवढीच फिट होते, आणि ताणामुळे बाकीचे दोन्ही बदलतात असं मॉडेल मांडलं तरीही.

मग बाणाची दिशा आणायची कुठून? विषयाच्या ज्ञानातून आणि अभ्यास कसा आखलाय त्यातून. ही बाणांची रीत १९२० च्या सुमारास सीवॉल राइट या अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने गिनीपिगच्या रंगावर काम करताना काढली आणि तो स्वतःच सांगायचा की नुसत्या कोरिलेशनवरून कारण काढता येत नाही. तुम्ही सगळं एकाच दिवशी एकाच फॉर्मवर विचारलंय. आनंदात असलेल्या पोराला घरचे मदत करतात असं जास्त वाटणार, हे कोणीही म्हणू शकेल आणि तुमच्या डेटात त्याला उत्तर नाही. ॲडमिशनच्या वेळी एकदा, मधे एकदा आणि शेवटी एकदा अशी तिन्ही गोष्टींची मोजणी झाली असती तर बोलायला जागा होती. आता थीसिसमधे "परिणाम" च्या जागी "संबंध" लिहा आणि उलटं मॉडेलही एवढंच फिट होतं हे आपणहून सांगून टाका.

आता जोड्या. एरर जोडणं म्हणजे तीन गठ्ठ्यांपलीकडेही या दोन प्रश्नांत काहीतरी समान आहे असा दावा. दोन्ही प्रश्नांची वाक्यं जवळपास सारखी असतील किंवा दोन्ही नकारार्थी असतील तर जोडा आणि कारण लिहा. कारण सुचत नसेल तर काढा. अंगाचं माप घेऊन शिवलेला सदरा अंगाला बसला यात कसली परीक्षा? मॅकॅलम आणि सहकाऱ्यांनी १९९२ मधेच दाखवलं होतं की छोट्या सॅम्पलमधे अशा दुरुस्त्या दुसऱ्या सॅम्पलवर टिकत नाहीत, आणि दोनशे म्हणजे छोटंच. ०.९५ आणि ०.०६ हे आकडे हू आणि बेंटलरच्या १९९९ च्या लेखातले, सिम्युलेशनवरून काढलेले, पण आपल्याकडे ते पासिंग मार्क होऊन बसलेत. त्यामुळे ०.०९ सुद्धा लपवू नका, आधी हे आलं मग हे केलं असं क्रमाने लिहा, काय-स्क्वेअर आणि डिग्रीज ऑफ फ्रीडमसकट.

हिंदी आणि मराठी फॉर्म एकत्र केलेत त्याबद्दल, दोन्हीकडे प्रश्न सारखेच चालतात का हे मेझरमेंट इन्व्हेरियन्स नावाच्या तपासणीने बघतात, पण मराठी थोडेच असतील तर ते जमणार नाही, मग नुसत्या हिंदी फॉर्मवर एकदा चालवून निकाल फार हलतो का ते कळवा.

प्रश्न: एमॉसचं लायसन्स परवडत नाही, कोणाकडून तरी कॉपी घेऊ का?
– एमएसडब्ल्यूचा विद्यार्थी, इंदूर

उत्तर: कशाला? आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातलं अशाच मॉडेलांसाठीचं लवान पॅकेजही फुकट. चित्र काढायच्या ऐवजी समीकरण टाइप करावं लागतं, सुरुवातीला वैताग येतो, पण प्रत्येक बाण स्वतः लिहावा लागतो हे बरंच आहे. शिवाय प्रश्नांना "सहमत–असहमत" असे चार पाचच पर्याय असतील तर ते ऑर्डिनल (क्रम आहे पण अंतर सारखं असेलच असं नाही) आहेत असं सांगून डब्ल्यूएलएसएमव्ही ही त्यासाठीची अंदाज काढायची पद्धत वापरता येते.