ट्रायकोडर्मा द्यायचे ते पेरणीआधी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गेल्या रब्बीत महिनाभराच्या हरभऱ्यात जागोजागी झाडे वाळली. एकरी १ किलो ट्रायकोडर्मा पाण्यातून सोडले, तरी मर थांबली नाही. पावडर बनावट होती का? (एक वाचक, बीड जिल्हा)

पावडर खराब असू शकते, पण इथे उशीर झाल्याची शक्यता जास्त. वाळत्या झाडाचे खोड उभे चिरून पाहा. आत तपकिरी-काळी रेघ दिसली तर ती फ्युजारियम बुरशीची मर. ही बुरशी मुळावाटे शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढते. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी. तिचे काम चालते मुळाभोवतीच्या मातीत. रोगट बुरशीच्या तंतूंना ती वेढे घालते, विकरे (एन्झाइम) सोडून त्यांची भिंत विरघळवते आणि त्यांचे अन्न व जागा बळकावते. नळ्यांत शिरलेल्या फ्युजारियमपर्यंत ती पोचत नाही. म्हणून बी रुजण्याआधीच तिचा जम मातीत बसलेला हवा.

यंदा पेरणीच्या १५ दिवस आधी तयारीला लागा. एका एकरासाठी २ किलो पावडर, १८० किलो चांगले कुजलेले शेणखत आणि २० किलो निंबोळी पेंड घ्या. सावलीत थर देत मिसळा आणि पाणी शिंपडा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून पाणी ठिबकू नये, इतकाच ओलावा ठेवा. ढीग ओल्या गोणपाटाने झाका. सातव्या दिवशी वरखाली करा, कोरडा वाटला तर पुन्हा पाणी शिंपडा. पंधरवड्यात पांढरट-हिरवी बुरशी पसरलेली दिसेल. हे खत सायंकाळी, ओल असलेल्या रानात फेकून लगेच वखराने मातीआड करा. उन्हात उघडे राहिले तर बीजाणू मरतात.

बहुतेकांचे चुकते ते शेणखतात. ताज्या शेणाचा ढीग आतून इतका तापतो की बुरशी भाजून जाते. हात घातल्यावर गरम लागले तर ते शेणखत वापरू नका. दुसरी चूक म्हणजे डीएपी किंवा युरिया याच ढिगात मिसळणे. रासायनिक खत वेगळे द्या.

बियाण्यालाही किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा. त्यानंतर रायझोबियम हे जिवाणू खत, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून लावा. सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा.

फ्युजारियम पीक नसतानाही मातीत सहा वर्षांपर्यंत तग धरते. गेल्या वर्षी मर आलेल्या तुकड्यात शक्यतो हरभरा टाळाच. घ्यायचाच असेल तर विजय, दिग्विजय यांसारखा मर-प्रतिकारक वाण निवडा.

पावडर घेताना पुड्यावरची मुदत आणि बीजाणूंची संख्या वाचा. ग्रॅमला किमान २० लाख हवेत. पत्र्याखाली तापलेल्या दुकानातला पुडा मुदतीत असला तरी घेऊ नका.

प्रश्न : विकतच्या बियाण्याला आधीच गुलाबी औषध लावलेले असते. त्यावर ट्रायकोडर्मा चोळले तर चालेल का? (एक वाचक, अकोला जिल्हा)

पिशवीवरची चिठ्ठी वाचा. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक असेल तर नाही; ते रोगट बुरशीइतकेच ट्रायकोडर्मालाही मारते. अशा वेळी बियाणे तसेच पेरा आणि ट्रायकोडर्मा वर सांगितल्याप्रमाणे शेणखतातून जमिनीत द्या.

प्रश्न : आले पिवळे पडून कोलमडते आहे. ट्रायकोडर्माची आळवणी करू का, म्हणजे पाण्यात कालवून मुळाशी ओतू का? (एक वाचक, सातारा जिल्हा)

आधी रोग ओळखा. बाधित झाडाचे खोड बुडाजवळ कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरा. काही मिनिटांत दुधासारखी धार उतरली तर ती जिवाणूजन्य मर. तिच्यावर ट्रायकोडर्माचा उपयोग नाही, पैसे घालवू नका. धार नाही, बुंधा पाणचट झाला आहे आणि कोंब ओढताच हाती येतो, तर बहुधा पिथियम या बुरशीसारख्या जिवाची कंदकूज.

दोन्हींत पहिले काम पाणी काढण्याचे. चर मोकळे करा, तुंबलेल्या रानात कोणतेही औषध टिकत नाही. रोगट गड्डे मातीसकट उचलून शेताबाहेर न्या. त्या जागी आणि भोवती लिटरला ३ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाची आळवणी करा. ट्रायकोडर्मा त्याबरोबर कालवू नका. कंदकूज असेल तर १५ दिवस थांबून, कुजलेल्या खतात वाढवलेले ट्रायकोडर्मा निरोगी वाफ्यांना द्या. पुढच्या लागवडीत ते गादीवाफ्यात सुरुवातीलाच मिसळा.

प्रश्न : पावडर ठिबकमधून सोडता येते का? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

तिच्यातला वाहक, म्हणजे बीजाणू ज्यात मिसळतात ती भुकटी, बहुधा शंखजिरे असतो आणि तो तोट्या बंद करतो. ठिबकसाठी द्रवरूप ट्रायकोडर्मा घ्या, तेही फडक्यातून गाळून. त्याच दिवशी टाकीतून बुरशीनाशक गेले असेल तर आधी नळ्या साध्या पाण्याने धुऊन काढा.